अर्ध्या बोटाची ढील

सोमवार, ५ सप्टेंबर

नवी वही, नवं गाव, नवं काम. तेव्हा या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे वहीलाही कळेल ती कोणाच्या हाती पडली आहे. बत्तीस दरवाजे, त्यांतला एकही पावसाळ्यात फुगून अडत नाही. मधल्या खांबाशिवाय उभा असलेला एक गोल जिना. ओढ्यावरचा एक पूल. त्यावरून लोकांनी मला न विचारता ट्रॅक्टर नेला आणि पुलाने हूं की चूं केलं नाही. एका डॉक्टरचं औषधांचं कपाट, त्यातला कुठलाही खण कुठल्याही खणाच्या जागी बसतो. बहिणीच्या लग्नातला पलंग. त्यावर आता तिची सून लोळते. माझं स्वतःचं घर, पायापासून छपरापर्यंत. माझ्या सगळ्या पटाशांच्या मुठी. आणि हे सगळं कोणा उस्तादाच्या हाताखाली एक दिवसही न राबता. मोडलेली वस्तू दिसली की उघडायची, का मोडली ते बघायचं आणि पुन्हा मोडणार नाही अशी जोडायची, एवढीच माझी शाळा.

आमच्याकडे मला कागदी मिस्त्री म्हणतात, कारण माझ्या सांध्यात कागद सरकत नाही. म्हणणाऱ्याला चिमटा काढायचा असतो. मी तो बक्षीस म्हणून ठेवून घेतला आहे.

दुपारी बसमधून उतरलो. डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव, फरशीची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना तीनमजली दगडी घरं. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. पंचविशीच्या, सातवा महिना. मी मालकीणबाई म्हटलं तर म्हणाल्या, मालकीण कसली, वहिनी म्हणा, मी तुम्हाला मिस्त्रीदादा म्हणते, म्हणजे फिटंफाट. नवरा बोटीवर नोकरीला, बाळ झाल्यावर येणार. घरात दुसरे त्यांचे सासरे, आप्पा. त्यांनी तीस वर्षं घाटात बस चालवली. अजूनही समोरून कोणी वेगात आलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. माझी हत्यारांची पेटी बघून म्हणाले, भिंत दुरुस्त करायची आहे हो, बाळंतपण दवाखान्यातच करणार आहोत.

काम सोपं आहे. पन्हळ गळून गळून उत्तरेच्या भिंतीतली लाकडं कुजली आहेत, ती बाळ यायच्या आत बदलायची. मला तळमजल्यावरची अंगणाकडची खोली दिली आहे. खिडकीतून उजेड चांगला येतो. खाट वीतभर आखूड आहे, ती उद्या लांब करीन. इथे माझं बरं जमेल.

बुधवार, ७ सप्टेंबर

खाट केली. मग भिंत उघडली. अशी भिंत मी याआधी हाताळलेली नव्हती, म्हणून नीट लिहितो.

दगडावर दगड. मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. गुडघाभर दगड रचले की त्यावर लाकडाची एक चौकट, जणू शिडी भिंतीत आडवी निजवली आहे. तिच्यावर पुन्हा गुडघाभर दगड, पुन्हा शिडी, असं छपरापर्यंत. कोपऱ्यावर दोन भिंतींच्या शिड्या एकमेकींवर चढतात आणि तिथे दोघींच्या आरपार एक लाकडी खुंटी. दगड ज्याने रचले तो कसबी होता, यात वाद नाही. प्रत्येक दगड आपल्या जागी असा बसलाय की उचलताना त्याची माफी मागावी.

पण सुतार? खुंटी भोकात खुळखुळते. मी मापलं: अर्ध्या बोटाची ढील. आधी वाटलं, कुजल्यामुळे असेल. म्हणून बाकीचे कोपरे बघून आलो. तिथे लाकूड लोखंडासारखं टणक, आणि ढील तेवढीच. प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येक मजल्यावर तेवढीच. एखाद्याने ठरवून चुकायचं म्हटलं तरी इतकं सारखं चुकता येणार नाही.

जेवताना आप्पांना विचारलं. ते म्हणाले, घरालाही हलायला जागा लागते ना. जसं काही घर म्हणजे त्यांची बस.

रविवार, ११ सप्टेंबर

सकाळी दाढी करत होतो. वर कुठेतरी टक् झालं. मग वरच्याच मजल्यावर, चारही कोपऱ्यांत. मग मधल्या मजल्यावर. मग माझ्या डोक्याशी. कोणीतरी लाकडी जोडे घालून भिंतीच्या आतून जिना उतरावा तसं घर टकटकत खाली आलं. वहिनींनी शांतपणे गॅस बंद केला, चहाचं भांडं उचललं आणि त्या अंगणात गेल्या. मागून आप्पा कपबशा घेऊन. मी साबण लावलेल्या तोंडाने त्यांच्या मागे. सगळी गल्ली बाहेर आलेली, कोणी केस विंचरत, कोणी मूल कडेवर घेऊन. मग पायाखालची जमीन थरथरली आणि थांबली. लोक चहा पिऊन घरात गेले.

इथे हे नेहमीचं आहे म्हणे. जमीन हलायच्या आधी खुंट्या बोलतात. घर बोललं की बाहेर यायचं, गप्प झालं की आत जायचं.

समोरच्या घरातला शिंपी गल्लीचा पुढारी आहे. त्याला माझं टोपणनाव कुठून कळलं कोण जाणे. सगळ्यांसमोर म्हणाला, कागदी मिस्त्री, आमच्या सांध्यात कागद कसला घालताय, अख्खं वर्तमानपत्र जाईल, पुरवणीसकट. बायका हसल्या. वहिनीसुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून. मीही हसलो. साबण वाळून गाल ताणले होते.

आप्पांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की उत्तरेची भिंत तुमची, पण तिथेही ढील होती तेवढीच ठेवा, आणि बाकीच्या खुंट्यांना हात लावायचा नाही. का, तर आम्ही लावत नाही. हे काय कारण झालं?

सोमवार, १९ सप्टेंबर

उत्तरेची भिंत झाली. नवी लाकडं, माझे सांधे. ढील ठेवली नाही. हात तशी ठेवूच देत नाहीत. भोक सैल पाडायला गेलो तर आपल्याच पोराला खोटं बोलायला शिकवल्यासारखं वाटलं.

मग एक भिंत घट्ट आणि तीन खुळखुळ्या, हे काही बरं दिसेना. सागाच्या बारीक पाचरी तासल्या. एपॉक्सी गोंदात बुडवून प्रत्येक खुंटीच्या कडेने ठोकल्या. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली, तिथे आप्पा गुडघ्यांमुळे चढत नाहीत. ठोकाठोक ऐकून त्यांनी खालून विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, एकदोन खुंट्या कुजल्या आहेत, बदलतोय.

पूर्ण झाल्यावर त्यांना कळेलच. तेव्हा तेच शाबासकी देतील.

बुधवार, २८ सप्टेंबर

संपलं. वरपासून खालपर्यंत एकही खुंटी हलत नाही. प्रत्येक सांध्याला कागद लावून पाहिला. सांध्यांवर मेण आणि काजळी चोळली आहे, पाचर शोधूनही दिसणार नाही.

शिंपी खरंच वर्तमानपत्र घेऊन आला होता. एका कोपऱ्यावर घालायला गेला, दुमडलं. मग त्याने खिशातून सिगरेटचा पातळ कागद काढला. तोही गेला नाही. बराच वेळ सांध्यावरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, मिस्त्री, मानलं. आप्पांपुढे बोलू नका, अशी मी त्याला खूण केली. त्याने डोळा मारला.

वहिनी म्हणाल्या, मिस्त्रीदादा, हल्ली झोप किती छान लागते, घर कसं शांत झालंय. बाळही शांत असतं. मला फार बरं वाटलं. इतकं चांगलं काम माझ्या हातून याआधी झालेलं नाही.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

सकाळी दहाच्या सुमाराला मी वरच्या खोलीत फळी रंधत होतो. बाहेर अचानक गलका. खिडकीतून पाहिलं तर सगळी गल्ली अंगणांत. समोरच्या घरांची टकटक इथवर ऐकू येत होती. आमच्या घरात काही नाही. रंध्यावरचा भुसासुद्धा हलला नाही. जमीन थरथरून थांबली, ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

शिंपी दार ठोठावून आत आला तर वहिनी आरामात भाजी निवडत होत्या. तो बाहेर जाऊन ओरडून ओरडून सांगत होता, यांच्याकडे पत्ताच नाही, यांच्याकडे पत्ताच नाही. लोक येऊन आमच्या भिंतींना हात लावून गेले.

फक्त आप्पांनी भिंतीला हात लावला नाही. नंतर म्हणाले, आज घराने आपल्याला सांगितलं नाही. मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नव्हतंच, आप्पा.

एक क्षुल्लक गोष्ट. त्याच वेळी माझ्या उजव्या मनगटात टक् झालं. दुखलं नाही.

रविवार, ९ ऑक्टोबर

मनगट सैल झालंय. दुखत नाही, सूज नाही. पण हात पुढे धरला की पंजा जरासा खाली सरकतो आणि मागे ओढला की जागेवर येतो. टक्. दुसऱ्या हाताने चाचपलं तर दोन हाडांमध्ये जागा लागते. कंपास घेऊन वरून मापलं. माप इथे लिहीत नाही. ते माझ्या ओळखीचं आहे.

वहिनींच्या हातून दोनदा ताट पडलं. बोटं ऐनवेळी निसटतात म्हणतात. डॉक्टरने सांगितलं, या महिन्यांत बाईचे सांधे सैल होतातच, कॅल्शियम घ्या. आप्पांचा जबडा घास चावताना एकीकडे सरकतो. ते म्हणाले, मला काही कुठला महिना लागलेला नाही, मला कशाला हे.

मी हसलो.

शनिवार, १५ ऑक्टोबर

जे पाहिलं तसंच लिहितो.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. समोर पाण्याचा पेला. आप्पा घाटातल्या एका म्हशीची गोष्ट सांगत होते, जी बसला वाट देत नसे. बोलता बोलता त्यांचा जबडा टक् झाला. त्याच क्षणी माझा. त्याच क्षणी वहिनींचा. मग मान. मग खांदे, दोन्ही. मग कोपरं, मग मनगटं. मग पाठीचे मणके, एकेक करत, वरून खाली. मग खुबे. मग गुडघे. मग घोटे. तिघांचेही एकदमच, एकाच लयीत. कोणीतरी लाकडी जोडे घालून आमच्या आतून जिना उतरत होतं.

पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं.

मग बाहेर लोकांचा गलका झाला, आणि गल्ली अंगणात आल्याचं कळलं.

वहिनींनी पोटावर हात ठेवला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हे काय झालं मिस्त्रीदादा, असं त्यांनी मला विचारलं. सासरे शेजारी बसलेले असताना मला विचारलं. कारण घरातल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर हल्ली माझ्याकडे असतं.

मी म्हटलं, हवा पालटली आहे, थंडीने सांधे वाजतात.

खोलीत आलो. घराला हलायला जागा हवी होती. ती मी बुजवली. ती कुठे जाणार? या छपराखाली जे कोणी झोपतं त्याच्यात आली. असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण माप मी स्वतः घेतलं आहे आणि माझं माप चुकत नाही.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

गुरुवार, २० ऑक्टोबर

सांगितलं नाही. पाच वेळा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी वाटलं, आधी गुपचूप एखादी पाचर काढून बघू. काल वरच्या मजल्यावर पटाशी लावली. एपॉक्सी दगड झालाय. जी वस्तू पुन्हा सुटू नये म्हणून मी जोडली ती सुटत नाही. माझंच काम, माझ्याचसारखं हट्टी.

आज सकाळी आप्पा पायरी उतरताना पडले. पडण्याआधी खुबा निसटला, मी आवाज ऐकला. मीच धावलो, मीच उचललं. ते हलके लागले, आणि सगळीकडून वाकत होते, जसं पोतं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ते अंगणात माझ्या मांडीवर डोकं ठेवून होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, मिस्त्री, खरं सांगा, खुंट्यांना हात लावलात का? रागावले नव्हते. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, तेल दिलं फक्त.

ते बरं म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांनी विश्वास ठेवला. उजवा पाय जमिनीवर दाबायला गेला, तो हलला नाही.

मला हे लिहितानाही पेन धरवत नाही, आणि त्याचं कारण मनगट नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

काल दुपारचा धक्का मोठा होता. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी खूप आधी बोलायला सुरुवात केली, लोक वेळेत बाहेर आले. दोन घरांचे थोडे दगड ढासळले, कोणाला काही झालं नाही. आमच्या घराची साधी खपलीही उडाली नाही.

आणि म्हणून लोक आमच्याकडे झोपायला आले. बायका, पोरं, म्हातारी माणसं. वळकट्या, उशा, पाण्याच्या बाटल्या. शिंप्याची आई, शिंप्याची बायको, त्यांची धाकटी. वहिनी नाही म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी भिंतीला धरून धरून सगळ्यांना जागा करून दिली. वर सांगत होत्या, आमच्या मिस्त्रीदादांनी घर असं केलंय की काळजीच नको.

मी दारात उभा होतो. म्हणायला हवं होतं, आत येऊ नका. एवढंच. दोन शब्द. माझ्या तोंडून निघालं, चपला बाहेर काढा, फळ्या ताज्या रंधल्या आहेत.

आज सकाळी पोरं उठली आणि बोटं मोडायचा खेळ खेळायला लागली. न मोडताच वाजतात म्हणून खूश होती. शिंप्याची धाकटी मला दाखवायला आली. तिने अंगठा धरून जरासा ओढला आणि सोडला. टक्. काका, बघा.

बघितलं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

शिंपी आला. घरं मोजली, वही काढली, गल्लीतली सगळी घरं आमच्या घरासारखी घट्ट करून द्या म्हणाला. सगळे वर्गणी काढणार. मी म्हटलं, पाठ दुखते. तो हसला. मोठे कारागीर भाव खातातच म्हणाला.

खोटंच सांगितलं. पाठ दुखत नाही. पाठीला दुखायला जे लागतं ते आता एका जागी राहत नाही.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

वहिनींना उभं राहता येत नाही. कंबरेखाली सगळं सरकतं. सुईण आली. अनुभवी बाई, हात घट्ट. तिने पोटाला कान लावला. ठोके ऐकत होती. मग एकदम मान वर केली. मग पुन्हा कान लावला. मला म्हणाली, तुम्हीही ऐका जरा, मला काहीतरी भलतंच ऐकू येतंय. वहिनी म्हणाल्या, ऐका ना दादा.

मी गुडघ्यांवर बसलो. कान लावला.

आतून. फार बारीक. काड्या मोडाव्यात तसं. वरून खाली. मान, खांदे, मणके — अजून न जन्मलेले —

मी उठून बाहेर गेलो.

शनिवार, २९ ऑक्टोबर

सांगितलं. आज सकाळी, सगळ्यांसमोर, अंगणात. वहिनींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. मी उभा राहून सांगितलं. पाचरी, एपॉक्सी, मेण, काजळी. आप्पांना काय खोटं बोललो. पोरांचे अंगठे. पोटातला आवाज.

मग वहिनींनी एकच विचारलं. आप्पांनी तुम्हाला विचारलं होतं तेव्हा का सांगितलं नाहीत?

कागद जाऊ नये म्हणून, हे कसं सांगणार? माणसाचा खुबा निखळला, पोटातलं मूल खुळखुळायला लागलं, आणि मी जपत काय होतो, तर सिगरेटचा एक कागद आत गेला नव्हता ही गोष्ट.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रिक्षा बोलवा म्हणाल्या. जाताना मिस्त्रीदादा म्हणाल्या नाहीत. मिस्त्री म्हणाल्या.

त्या माहेरी गेल्या. बाकीच्यांनीही वळकट्या उचलल्या, पण अर्ध्यांच्या तोंडावर हसू होतं. शिंपी दुसऱ्या एकाला म्हणाला, कामाने डोक्यावर परिणाम झालाय, जरा विश्रांती दिली की येईल ताळ्यावर.

मी थांबलो आहे. मी बसवलं, मीच काढणार.

रविवार, ३० ऑक्टोबर

पाचर तापवावी लागते. जुनं लोखंडी पातं तापवून एपॉक्सीवर धरायचं, मऊ झालं की गिरमिटाने भोक, मग पटाशी. लाकूड करपतं, वास येतो. काळे, फाटके, ओंगळ सांधे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाण काम. वरचा मजला सुटला, उत्तरेकडचे माझे नवे सांधेही सैल केले.

खुंट्या खुळखुळल्या. मी तिथेच बसून राहिलो.

संध्याकाळी वहिनींच्या भावाने निरोप आणला. मान ताठ राहते, खांदे जागेवर आहेत, हातात पेला धरता येतो. दवाखान्यातून आप्पांचाही. जबडा बसला, भाकरीचा तुकडा चावला. शिव्याही दिल्या म्हणे. मला. नीट उच्चारून.

म्हणजे घर आपली ढील परत घेतंय. त्यांच्यातली. माझी परत जात नाही. मान खांद्यावर पडते, कॉलरला फळी बांधून धरली आहे. बरोबरच आहे ते.

मधला मजला उद्या. मग तळमजला. खुबे. कंबर. बाळ. तळमजला व्हायलाच हवा.

सोमवार, ३१ ऑक्टोबर. सकाळ

मधला झाला. डावा हात उपयोगाचा नाही, कोपरातून मागे लोंबतो. पटाशी उजव्या हाताला दोरीने बांधली, तिच्यालगत हे पेनही. हातोडी दातांत धरून पाहिली, जबडा —

वहिनींचा निरोप, पाठ सरळ झाली. पाय नाहीत अजून. सुईण म्हणते पोटात आवाज आहे, अर्धा. कंबरेखालचा.

तळमजल्याचे तीन कोपरे राहिले.

दुपार

दोन राहिले. बसूनच काम. पाय दुमडतात, नको तिकडे. त्यांच्याकडे बघत नाही.

दुपारनंतर

एक. माझ्या खोलीतला, खाटेशेजारचा. हाच सगळ्यांत सफाईचा बसवला होता. रोज झोपताना बघायला.

पातं तापतंय.

शिंपी खिडकीशी आला. आत डोकावला. मला पाहून मागे सरला, मग पुन्हा पुढे. माझी अवस्था बघूनही त्याला वाटतं मी भाव वाढवतोय. म्हणाला, ढीलबिल काही नाही, आम्हाला असंच शांत घर हवं, तुमच्याने होत नसेल तर कारागीर देतो, तुम्ही फक्त बसून सांगा —

मी नको म्हटलं. ऐकू गेलं नसेल, जबडा जागेवर नाही. मान हलवायला गेलो, ती दोन्हीकडे गेली. शेवटी पटाशी बांधलेला हात हलवला. नको. कळलं त्याला. गेला. चिडून गेला, आकडा पुन्हा सांगून —

वर टक् झालं. वरच्या मजल्यावर. घर बोलतंय. किती दिवसांनी.

अंगणात जायला हवं. पाय नाहीत. आणि हा एक —

पाचर हलली. अर्धी बाहेर.

मधल्या मजल्यावर आलं. उतरतंय.

आप्पांना सांगा, मी तेल दिलं नव्हतं. आणि गल्लीत कोणी म्हणेल मिस्त्री पैशांसाठी अडून बसला, म्हणून लिहून ठेवतो, अक्षर वाचता आलं तर. शिंप्याने काय देऊ केलं आणि मी काय नाकारलं. गल्लीतली नऊ घरं, वरपासून खालपर्यंत घट्ट करून द्यायची, कागद जाणार नाही अशी, माल त्यांचा, मजुरी माझी, सगळी आगाऊ, रोख, अठरा ला—